चिप ट्यूनिंग: कंपनीने खरंच ताकद कोंडून ठेवलेली असते का?

गाडीवेड्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. "कंपन्या एकच इंजिन मुद्दाम आवळून विकतात. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप केला, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदललं, की ३० टक्के पॉवर वाढते, ॲव्हरेज सुधारतं, इंजिनाला काही होत नाही आणि सर्व्हिस सेंटरला पत्ताही लागत नाही."

आधी ते ३० टक्के. टर्बो पेट्रोलवर हा आकडा अगदीच हवेतला नाही. सॉफ्टवेअरने बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेवरचा दाब, वाढवला की सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबली जाते, त्या मापात इंधन जातं आणि पॉवर वाढते. पण टोयोटा जीटी८६ घ्या. दोन लिटर, २०० पीएस (जवळपास तितकीच हॉर्सपॉवर), टर्बो नाही. हे इंजिन हवा स्वतःच ओढतं, ती सॉफ्टवेअरने वाढणार कुठून? कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं) आधीच १२.५, म्हणजे बरंच जास्त आहे. नुसत्या रीमॅपने मिळणारे पाचेक टक्के म्हणजे दात कोरून पोट भरणं. हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलून सोबत ट्यून केलं, तर ३,५०० ते ४,५०० आरपीएममधला तिचा बदनाम टॉर्कचा खड्डा (तिथे ओढ कमी पडते) बराच भरतो. तेवढ्यासाठी केलं तर मी समजू शकतो.

"मुद्दाम आवळलेलं इंजिन" म्हणताना फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फचं उदाहरण हमखास येतं: जीटीआय २२० पीएस, आर ३०० पीएस, इंजिन दोघींत एकाच नावाचं, ईए८८८. घराणं एक आहे, पण आरचा टर्बो मोठा आहे. पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इंजेक्टर वेगळे आहेत. जीटीआयचा छोटा टर्बो रीमॅपने ३०० च्या जवळ जातो, हे कबूल. मात्र तेव्हा खर्च होते ती कंपनीने उन्हाळ्यासाठी, हलक्या पेट्रोलसाठी आणि लांबलेल्या ऑइल चेंजसाठी राखलेली शिल्लक.

आपल्याकडे तर तीच लागते. रीमॅपची फाइल युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर (ऑक्टेन जास्त, तितकं ते आपोआप पेटायला कमी) बेतलेली, गाडी मे महिन्यातल्या सोलापुरात आणि टाकीत पंपावरचं साधं ई२०. मिश्रण आपोआप पेटल्याचा ठोका टिपणाऱ्या नॉक सेन्सरमुळे ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे खेचतो आणि पैसे मोजून घेतलेली पॉवर परत जाते. तपासायचं असेल तर रिकाम्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन लॉग (ईसीयूतल्या आकड्यांची नोंद) घ्या. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे गेलं, ते आकड्यात दिसतं. कमी आरपीएमवर जास्त बूस्टचा हट्ट धरला, तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका वाढतो. त्यात पिस्टन फुटतात.

ॲव्हरेजचं म्हणाल तर एकसारख्या वेगात पेट्रोल इंजिन आधीच धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्डा सेन्सरच्या इशाऱ्यावर नेमकं मिश्रण जाळत असतं. वाचवायला फारसं उरतच नाही. रीमॅपनंतर डॅशबोर्डवरचा आकडा सुधारलेला दिसला, तरी टाकी फुल ते टाकी फुल हिशेब करून बघा.

आणि "पत्ताही लागत नाही"? फोक्सवॅगन समूहात बदललेली फाइल सापडली की गाडीच्या नोंदीवर टीडी१ हा शिक्का बसतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदलही क्लेमच्या वेळी नडू शकतो.

तरीही टर्बो गाडी आहे, वॉरंटी संपली आहे, ट्रॅकवर जाता? मग जरूर करा, पण इथल्या पेट्रोलवर बेतलेली फाइल घ्या. मूळ फाइलची प्रत आणि एकाच दिवशीचे आधीचे-नंतरचे डायनोवरचे (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावरचे) आकडे मागा. ट्यूनर टाळाटाळ करत असेल, तर त्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड येतात.