स्ट्रेचरवर घेतलेली सही मी कन्सेंट मानणार नाही

परवापासून डोकं फिरलंय माझं आणि आज लॅब मीटिंगमध्ये परत तोच विषय काढला म्हणून लिहितेय. एक पेशंट काकू ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या दारात, स्ट्रेचरवर, हाताला सलाईन, चष्मा काढून सुनेकडे दिलेला, आणि रेसिडेंट डॉक्टर आमच्या रिसर्चच्या फॉर्मवर, म्हणजे काढलेल्या गाठीचं सॅम्पल आम्हाला द्यायच्या संमतीवर, सही घेतोय. चष्मा नाही हो डोळ्यावर! चार पानांचा फॉर्म, एक अक्षर दिसत नाहीये, त्या विचारतायत "ऑपरेशनचाच ना हा कागद?" आणि हा म्हणतो हो हो. मग माझ्या हातात देऊन वर, "बेन, सही लई लीधी छे, हवे शुं जोईए?" सही घेतली, आता अजून काय हवं, म्हणे.

मी सॅम्पल घेतलं नाही. गाठ सगळी पॅथॉलॉजीला गेली, मी लिक्विड नायट्रोजनचा डबा रिकामाच परत आणला आणि सरांनी, म्हणजे माझ्या गाइडने, सगळ्यांसमोर झापलं. म्हणे, अगं टाकूनच द्यायचं होतं ना ते, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच जाणार होतं, कोणाचं काय गेलं असतं?

काकूंचं गेलं असतं. त्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या, घरात मराठी, पण गुजराती पेपर रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या. फॉर्म गुजरातीतच होता, म्हणजे भाषेचं कारणही देता येत नाही. ओटीची लिस्ट आदल्या संध्याकाळी लागते, तेव्हा वॉर्डात स्टूल ओढून पंधरा-वीस मिनिटं बसायचं, एवढंच काम होतं आणि तेवढंही कोणाला होत नाही.

आणि ते "टाकूनच द्यायचं होतं" ऐकून ऐकून कान किटलेत. आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये उरलेल्या टिश्यूसाठी संमतीतून सूट मिळू शकते, मान्य, पण ओळख पूर्ण पुसलेली असेल तर, आणि ते ठरवणार एथिक्स कमिटी, तेही आधी. गाइड किंवा रेसिडेंटने दारात उभं राहून ठरवायचं नाही. आमच्याकडे तर प्रत्येक ट्यूबला कोड, कोडमागे नाव, वय, रिपोर्ट, पुढचा फॉलोअप. ओळख पुसली कुठे? आणि दर मीटिंगला कोणीतरी १९९४ चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा काढतोच. अहो त्यात २०११ ला टिश्यू आले ते रोपणासाठी, उपचारासाठी, रिसर्चचा काय संबंध? वाचा तरी एकदा!

रोज सकाळी लॅबमध्ये वाढणाऱ्या ज्या हेला सेल्सचं, म्हणजे पेशींचं, मीडिया (पोषक द्रव) बदलतो त्या १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या गाठीतून न विचारता घेतल्या, घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता, आणि शेवटी २०२३ मध्ये त्या पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीला त्यांच्या घरच्यांशी कोर्टात तडजोड करावी लागली. लिव्हरपूलच्या ॲल्डर हे हॉस्पिटलमध्ये तर मेलेल्या मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवून घेतले होते, त्यानंतर तिथे २००४ चा ह्यूमन टिश्यू ॲक्ट आला. हे सगळं सेमिनारमध्ये स्लाइडवर दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ओटीच्या दारात हे.

फ्रीझरचं तर बोलूच नका. मागे एका बाईंनी कळवलं की माझं सॅम्पल आता वापरू नका. त्यांचा हक्क आहे तो, फॉर्मवर आपणच लिहून दिलाय. उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरमध्ये शोधायला गेले तर ट्यूबवरचा मार्करचा नंबर पुसलेला! बारकोडचा प्रिंटर मागून मागून थकले. फॉर्मची अक्षरं मोठी करायची दुरुस्ती पण अडकलीय, कारण कमिटीत जो बिगर-डॉक्टर सामान्य माणूस हवा तो आला नाही की कोरम होत नाही आणि मीटिंग पुढे. त्या माणसाला आधी फोन करून वेळ विचारायची तसदी कोणी घेत नाही.

आज काकूंकडे जाऊन बसले. पॅथॉलॉजीच्या ब्लॉकमधून, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यातून, रिपोर्ट झाल्यावर थोडं उरेल, ते घेऊ का म्हणून विचारलं. चष्मा लावून चारही पानं वाचली त्यांनी. म्हणाल्या, "अगं मग तेव्हाच नीट सांगायचं ना, मी नाही म्हटलं असतं का?" या अभ्यासाला हो, पुढच्या अभ्यासांना हो, घरच्यांना धोका आहे असं काही सापडलं तर कळवा, हो, आणि मुलीचा फोन नंबर स्वतः लिहिला. कंपनीला द्यायच्या रकान्यात मात्र नाही, ठळक. तो फॉर्म सरांना दाखवला तर म्हणे ब्लॉकमधलं आरएनए (पेशीतला जनुकीय रेणू) तुटकं असतं, काय उपयोग. असू दे तुटकं, मिळेल तेवढं काढीन.

उद्याच्या लिस्टवर अजून पेशंट आहेत. संध्याकाळी मी वॉर्डात जातेय, आणि रेसिडेंटला सांगून ठेवलंय की आमच्या फॉर्मला हात लावायचा नाही.