कूलर कोनी बंद कया?

धुळ्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. लोक ठेवतात ती तिच्या आवाजाला, आणि माझ्या गिटारीत आवाज तीन, कारण तारांखाली त्यांची थरथर टिपणारे पिकअप तीन. मानेजवळचा पिकअप बोलायला लागला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. मधला मधल्या भावासारखा कोणाच्या लक्षातच येत नाही. ब्रिज म्हणजे तारा जिथं अडकवलेल्या असतात ती घोडी, तिच्याजवळचा किरकिरतो, आणि तेही इतकं हळू की स्विच तिकडे टाकला की आई आतून विचारते, "लाइट गई का रे?"

असं का होतं, हे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर बसलेल्या कुठल्याही पोरीला ठाऊक असतं. फांदीला दोर बांधलाय तिथं तो जेमतेम हलतो, बसणारी मात्र पार ओसरीपर्यंत जाऊन येते. तारही ब्रिजपाशी जखडलेली, मानेकडे मोकळी. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे साधारण 8 हजार वेढे. वरची पोलादी तार जितकी जास्त हलेल तितकी त्यात वीज जास्त, आवाजही जास्त. म्हणून तिन्ही आवाज सारखे करायला ब्रिजचा पिकअप तारांजवळ आणायचा आणि मानेचा खाली उतरवायचा. दोन बाजूंना दोन स्क्रू, खाली स्प्रिंग. स्क्रू आवळला की पिकअप वर येतो. आयुष्यभर गिरणीत फिटर म्हणून काम केलेल्या आप्पांना हे पटेना. आवळलेली वस्तू वर येते हे ऐकून त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात शिरले.

आता मोजमाप. फेंडर कंपनीच्या साध्या सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा, आकडा असा, की शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या कांबीवर) तार दाबून धरली असता तारेच्या खालच्या कडेपासून चुंबकाच्या डोक्यापर्यंत जाड तारेकडे 2 मिलिमीटर आणि बारीक तारेकडे 1.6 अंतर हवं. सहा इंची पट्टीवर 1.6 कुठे असतं, हे पट्टी बनवणाऱ्यानंही सांगू नये. कोपऱ्यावरच्या गॅरेजातून इंजिनाचे टॅपेट सेट करायचा फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, मागून आणला. पात्या पोलादाच्या आणि खाली लोहचुंबक! तारेखाली सरकवायच्या आत पाती चुंबकाला चिकटली आणि अ‍ॅम्पमधून असा "ठक्" निघाला की ताईचं पोर झोपेतून उठून रडायला लागलं.

ताई आखाजीला माहेरी आली होती, हे आधी सांगायला हवं होतं. पारा 43 ला टेकलेला. दुपारी घरातली सगळी माणसं एका कूलरपुढे ओळीनं झोपतात, आणि नेमकी तीच मोटर सिंगल कॉइलला ऐकू येते. वेटोळ्याला तार आणि मोटर यांतला फरक कळत नाही. जे चुंबकीय येईल ते घ्यायचं. आपल्या विजेची 50 हर्ट्‌झची घुंई त्यात अशी मिसळते की कुठला पिकअप मोठा नि कुठला लहान, काही समजत नाही. म्हणून मी कूलर बंद केला. मग आवाजांचा समतोल राहिला बाजूला, घरातला बिघडला.

"कूलर कोनी बंद कया रे?"

मी कोपऱ्यात सरकलो. गिटार धरून अंग फिरवलं तर एका कोनात घुंई बरीच कमी होते. माझ्या खोलीत तो कोन ईशान्येला आला. आईला वाटलं, पोरगं अखेर देवाकडे वळलं. 1955 मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन वेटोळ्यांचा पिकअप काढला. दुसरं वेटोळं उलट जोडायचं, चुंबकाचं टोकही उलट ठेवायचं, म्हणजे तारेचा सूर राहतो आणि घुंई आपसात मिटते. त्यांच्याही घरी वैशाखात माहेरवाशीण आली असावी.

ब्रिजचा पिकअप वर चढवायलाही मर्यादा आहे. फार जवळ गेला की चुंबक तारेलाच ओढून धरतो. मग वरच्या फ्रेटवर जाड तार वाजवली की एका सुराचे दोन होतात आणि दोघं भांडतात. शिवाय तिसरी तार. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तिच्याखालचा चुंबक उंच ठेवलेला असतो, कारण 1954 साली, फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हा, ती तार वरून दुसरी तार गुंडाळलेली असायची. आता ती साधी असते आणि त्या उंच चुंबकावर केकाटते. चुंबक ठोकून खाली दाबावा तर आतलं वेटोळं तुटायचं. तिला तसंच सांभाळून घ्यावं लागतं. घरोघरी एक असतेच.

शेवटी शेजारचे नाना आले. लग्नाच्या बँडमध्ये बँजो वाजवण्यात हयात गेलेली. पट्टी घेऊन वाकलेला मला पाहून म्हणाले, "पट्टी कसाले लागस भाऊ? कान शेतस ना!" मग मला मोकळी तार छेडायला लावून स्विच इकडून तिकडे टाकत राहिले. मानेचा पिकअप जाड तारेकडून पाऊण आटा उतरवला, ब्रिजचा बारीक तारेकडून अर्धा आटा चढवला. कूलर चालूच. पट्टी लावून पाहिली, तर एकही आकडा जुळत नव्हता. आवाज मात्र तिन्हीकडे एकसारखा.

मी म्हटलं, "नाना, तुमच्या बँजोचंही असंच समान करून देऊ का?"

"समान?" नाना दचकलेच. "माले समान नको भाऊ. माना आवाज डीजेना वर जावाले पाहिजे."