‘सगळं जंगल जाळा’ असं त्यांनी कधी म्हटलं?

ऑस्ट्रेलियात वणव्यांचा हंगाम सुरू झाला की एक मजकूर आपल्या मराठी ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, आशय तोच: ‘ॲबोरिजिनल लोक साठ हजार वर्षं जंगल जाळत होते, म्हणून तिथे मोठे वणवे लागत नव्हते. पर्यावरणवाद्यांनी जाळणं बंद पाडलं आणि २०१९-२० चा वणवा पेटला. हवामानबदलाचा याच्याशी काही संबंध नाही. दरवर्षी सगळं जंगल जाळून टाका, प्रश्न मिटला. सह्याद्रीतही हेच करायला हवं. आणि एवढ्या साध्या कामासाठी रेंजर म्हणून पगार कशाला वाटायचे?’

मी मेलबर्नला राहते. जानेवारी २०२० मध्ये धुरामुळे आम्ही दिवसदिवस खिडक्या लावून बसलो होतो. तेव्हा हा मजकूर पहिल्यांदा आला, आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पाठवतंच. त्यात ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या लोकांचं कौतुक आहे, म्हणून भल्या मनाची माणसंही तो पुढे ढकलतात. पण हे कौतुक त्या लोकांच्याच मुळावर येणारं आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहिते.

‘साठ हजार वर्षं जंगल जाळत होते.’

माणूस त्या खंडावर किमान ५० हजार वर्षांपासून आहे, याबद्दल फारसा वाद नाही. आगीचा पुरावा मात्र जागोजागी वेगळा आहे. उत्तरेच्या डार्विन शहराजवळच्या गिरावीन तळ्याच्या गाळात दीड लाख वर्षांचा कोळसा थराथरांनी साठलेला आहे. त्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार लावलेल्या पण सौम्य आगीची, म्हणजे माणसाच्या हातातल्या आगीची खूण त्यात किमान ११ हजार वर्षं मागेपर्यंत दिसते. हा काळ काही थोडाथोडका नाही. आकडा फुगवायची गरजच नाही.

माझा खरा आक्षेप ‘जंगल जाळत होते’ या शब्दांना आहे. इंग्रज आले तेव्हा या खंडात अडीचशेहून जास्त भाषा बोलल्या जात होत्या, आणि प्रत्येक मुलखाची आग वेगळी होती. (हे लोक इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणतात. त्यात जमीन, पाणी, प्राणी, पूर्वज आणि त्यांच्याशी असलेलं नातं सगळं आलं. मला त्यासाठी ‘मुलूख’ हा आपला शब्द जवळचा वाटतो.)

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या मार्तू लोकांचं उदाहरण घ्या. तिथे स्पिनिफेक्स नावाचं टोकदार, राळेमुळे भडकन पेटणारं गवत वाढतं. आपल्या घोरपडीच्या कुळातला एक प्राणी तिथे बिळांत राहतो. थंडीच्या दिवसांत बायका जुन्या स्पिनिफेक्सचा एक तुकडा पेटवतात, गवत जळालं की बिळांची तोंडं उघडी पडतात, मग खणून शिकार करतात. जळलेल्या जमिनीच्या वयानुसार त्यांच्याकडे पाच नावं आहेत. नुकतीच जळलेली ती न्युर्न्मा. कोंब फुटायला लागले की वारु-वारु. फळं आणि बिया देणारी झुडपं भरली की न्युकुरा. स्पिनिफेक्स पुन्हा माजला की मांगू, आणि तो म्हातारा होऊन मधून वाळायला लागला की कुनार्का. वस्तीच्या आसपासची जमीन या पाचही अवस्थांच्या लहान लहान तुकड्यांची गोधडी झालेली असते. १९६० च्या दशकापर्यंत मार्तूंना वाळवंट सोडावं लागलं, आणि ते नव्हते तेव्हा विजेने लागलेल्या आगी अफाट पसरू लागल्या. १९८० च्या दशकात ते पुनमू, पार्नगुर, कुनावरित्जी या वस्त्यांवर परतले. संशोधकांनी मोजलं तेव्हा दिसलं, की जिथे मार्तू बायका शिकारीसाठी आग लावत राहिल्या तिथे घोरपडी कमी नाही, उलट जास्त होत्या.

याला ‘जंगल जाळणं’ म्हणायचं असेल, तर भाजीचा वाफा खुरपण्याला जमीन उकरणं म्हणावं लागेल.

आणि कुठे जाळायचं नाही, हेही याच विद्येत येतं. उत्तर टोकाच्या आर्नहेम लँडच्या खडकाळ पठारावर अनबिनिक नावाचे वृक्ष आहेत, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. मोठी आग त्यांना सोसत नाही. तिथले रेंजर, म्हणजे मुलूख राखणारे पगारी लोक, हंगामाच्या सुरुवातीलाच त्या राईभोवतीचं गवत हलकेच जाळून घेतात, म्हणजे पुढची मोठी आग राईपर्यंत पोचत नाही. व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंटन ॲश या उंचच उंच झाडांच्या ओल्या जंगलात थोड्या वर्षांच्या अंतराने पुन्हा आग लागली, तर नवी झाडं बी धरायच्या वयाला पोचण्याआधीच संपतात. तिथे ‘दरवर्षी जाळा’ हा सल्ला म्हणजे ते जंगल मारण्याचा सल्ला.

‘पर्यावरणवाद्यांनी जाळणं बंद पाडलं.’

हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण जे घडलं ते यात पुसून टाकलं जातं. आग बंद पडली, कारण ती लावणारी माणसं मुलखावर राहिली नाहीत. १७८८ मध्ये इंग्रज आले, त्यानंतर देवीसारख्या साथी आल्या, कत्तली झाल्या, मेंढ्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या, उरलेल्यांना मिशनमध्ये नेऊन बसवलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीने तर १८४७ मध्ये कायदा करून ॲबोरिजिनल लोकांनी रानात आग लावणं हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. मेलबर्नची वसाहत १८३५ ची. तिथून सोळा वर्षांत, ६ फेब्रुवारी १८५१ ला, व्हिक्टोरियात सुमारे ५० लाख हेक्टर जळालं. एवढ्या मोठ्या आगीला दुष्काळ आणि वाराही कारण होता, हे मान्य. पण तेव्हा ना कुठला पर्यावरणवादी पक्ष होता, ना एकही राष्ट्रीय उद्यान.

आर्नहेम पठाराची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तिथे कोणी जमीन नांगरली नाही, कोणी शहर वसवलं नाही. विसाव्या शतकात लोक एकेक करून खाली उतरले, कोणी मिशनकडे, कोणी खाणींवर, कोणी रेडे मारायच्या तळांवर. पठार रिकामं झालं. मग ऑक्टोबरच्या कडक उन्हात लागलेल्या आगी शेकडो किलोमीटर पळू लागल्या. वामुद नामोक या थोर चित्रकार ज्येष्ठांना हे पाहवेना. ते कुटुंबासह परत वर गेले आणि काबुलवार्नाम्यो इथे वस्ती केली. २००७ मध्ये तिथून वार्डेकेन ही रेंजरांची संस्था उभी राहिली. २००९ मध्ये सुमारे १४ लाख हेक्टरचा मुलूख संरक्षित म्हणून जाहीर झाला, आणि त्याच वर्षी नामोक वारले.

‘हवामानबदलाचा संबंध नाही.’

संबंध आहे. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींमधलं सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडं वर्ष होतं. देशाचं सरासरी तापमान १९६१-९० च्या सरासरीपेक्षा १.५२ अंशांनी जास्त होतं. १८ डिसेंबरला देशभराच्या कमाल तापमानाची सरासरी ४१.९ अंश होती. त्या हंगामात २ कोटी ४० लाख हेक्टरहून जास्त जमीन जळाली, ३३ माणसं आगीत गेली, ३ हजारांवर घरं खाक झाली. सिडनीच्या वायव्येची गॉस्पर्स माउंटनची आग विजेने लागली आणि एकटीने ५ लाख हेक्टरहून जास्त जंगल घेऊन गेली.

आग एकदा शेंड्यांवरून धावू लागली की खाली पाचोळा किती आहे याला फारसा अर्थ उरत नाही. सौम्य हवेत आधी जाळलेला पट्टा आगीला अडवतो, पण ४५ अंशांच्या आणि सुसाट वाऱ्याच्या दिवशी ठिणग्याच किलोमीटर किलोमीटर पुढे उडून पडतात. शिवाय तापमान वाढलं की सुरक्षितपणे जाळता येतील असे दिवसच कमी होतात. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाचे तेव्हाचे प्रमुख शेन फिट्झसिमन्स यांनीही जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं, की आधी जाळून ठेवणं महत्त्वाचं आहे, पण तो रामबाण उपाय नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. पारंपरिक आगीचा फायदा उत्तरेच्या गवताळ प्रदेशात आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. आग्नेयेच्या दाट जंगलांत तसं मोजमाप अजून फार थोडं आहे, कारण तिथे हे काम आत्ता कुठे पुन्हा सुरू झालंय. म्हणून ‘त्यांना जाळू दिलं असतं तर २०१९-२० घडलंच नसतं’ हे मी म्हणणार नाही.

‘दरवर्षी सगळं जाळून टाका.’

हा प्रयोग झालेला आहे. २००९ च्या भीषण वणव्यानंतर व्हिक्टोरियाने सरकारी जमिनीपैकी ५ टक्के, म्हणजे जवळपास ३ लाख ९० हजार हेक्टर, दरवर्षी जाळायचं लक्ष्य ठेवलं. लक्ष्य हेक्टरात असलं की माणूस जिथे हेक्टर स्वस्तात मिळतात तिथे जातो. वस्तीपासून लांबचे सपाट पट्टे जळाले, घरांजवळचे अवघड तुकडे राहून गेले. काही वर्षांनी सरकारने ते लक्ष्य सोडून धोका किती कमी झाला हे मोजायला घेतलं.

कल्चरल बर्निंग, म्हणजे ही पारंपरिक आग, लावणारे हेक्टरांपासून सुरुवात करत नाहीत. गवत किती वाळलंय, मातीत ओल आहे का, कोणतं झाड फुललंय, कोणाची पिल्लं अजून जमिनीवर आहेत, हे आधी बघतात. एका ठिपक्यापासून आग लावतात, ती माणसाच्या चालीने चौफेर सरकते. कीटक खोडावरून वर चढतात, सरडे बाजूला होतात, धूर पांढरा आणि विरळ असतो, शेंडा करपत नाही. शेंडा करपला तर काम बिघडलं असं ते मानतात. संध्याकाळी दव पडलं की ती आपोआप विझते.

सह्याद्रीबद्दल थोडक्यात. आमच्या रायगडात राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजतात ते मी लहानपणापासून पाहिलंय. कवळ, शेण, गवत, वर मातीचा थर, कडेने साफ केलेली जागा, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाने लावलेली काडी. भाजणारा ती संपेपर्यंत तिथून हलत नाही. फाल्गुन-चैत्रात डोंगराला काडी लावून निघून जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला ऑस्ट्रेलियाचा दाखला चिकटवू नये. तिथली झाडं, तिथला पाऊस, तिथली जमीन आपली नाही. आपल्या डोंगराचं काय करायचं ते आपल्या डोंगरावरच्या धनगर-ठाकर-कातकऱ्यांशी बोलून ठरेल.

‘एवढ्या साध्या कामासाठी पगार कशाला?’

आर्नहेम पठारावरचं वर्ष कसं असतं ते बघा. तिथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. बांगेरेंगमधली वादळं उंच गवत आडवं करून जातात. मग येग्गे येतो, साधारण मे ते मध्य जून, हवा गार व्हायला लागते पण ओल असते. तेव्हा काम सुरू होतं. रेंजर पायी निघतात, हातात ड्रिप टॉर्च, म्हणजे पेटतं तेल ठिबकवणारी मशाल. जिथे गाडी जात नाही तिथे हेलिकॉप्टरमधून पोटॅशियम परमँगनेटच्या छोट्या गोळ्या टाकतात. मशीन त्यांत ग्लायकॉल टोचतं आणि खाली पडल्यावर त्या पेटतात. पण कुठे टाकायच्या हे त्या मुलखाचे धनी ठरवतात. कुठल्या कुळाची जमीन आहे, तिथे आग लावायचा हक्क कोणाचा, कुठल्या कड्याखाली चित्रं आहेत, हे सांगणारं माणूस बरोबर लागतं. पुढे ऑगस्टपासून उलटं काम. उशिराने लागलेल्या आगी विझवायच्या, ४० अंशांच्या उन्हात, पाठीवर ब्लोअर घेऊन, दगडांतून. मधल्या दिवसांत तण काढायचं, माजलेले रेडे आवरायचे, चित्रांची नोंद ठेवायची. बायकांची, म्हणजे ‘दालुक’ रेंजरांची, स्वतंत्र तुकडी आहे. मुलांना शाळेसाठी पठार सोडावं लागू नये म्हणून वस्तीतच शाळा काढली आहे.

याचं मोलही मोजलेलं आहे. २००६ मध्ये पश्चिम आर्नहेम लँडच्या २८ हजार चौरस किलोमीटरवर प्रकल्प सुरू झाला. आग लवकर लावली की जळण कमी जळतं, आणि मिथेन व नायट्रस ऑक्साइड कमी निघतात. (कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या पावसातलं गवत तो परत ओढून घेतं.) दरवर्षी सुमारे १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टळतं, त्यासाठी डार्विनच्या गॅस प्रकल्पाने १७ वर्षं दरवर्षी सुमारे १० लाख डॉलर देण्याचा करार केला. गॅस जाळणाऱ्याच्या पैशावर हे काम उभं राहिलं, हे मला खुपतं. पण तो मोबदला आहे, कोणी वाटलेली भीक नाही.

दक्षिणेत अडचण पगाराच्याही आधी सुरू होते. तिथे मूळ धन्यांच्या नावावर जमीन जवळपास नाहीच. आपल्याच मुलखात आग लावायला परवाना लागतो, विमा लागतो, आणि दिवस ठरवतो तो दुसऱ्याच कोणाचा अधिकारी. दव, वारा, गवत सगळं जुळून आलेलं असतं आणि कागद आलेला नसतो. व्हिक्टोरियातल्या जा जा वुरुंग लोकांनी २०१७ मध्ये ‘जांडाक वी’, म्हणजे मुलखाची आग, पुन्हा लावली. कित्येक पिढ्यांनंतर. वणव्यांनंतर नेमलेल्या २०२० च्या रॉयल कमिशन या चौकशी आयोगानेही सरकारांना सांगितलं, की जमिनीचं आणि आगीचं हे ज्ञान समजून घ्यायचं तर मूळ धन्यांबरोबर बसून घ्या. त्यांच्याबरोबर बसायचं म्हणजे परवान्यावर सही करण्याचा अधिकार त्यांना द्यायचा, आणि हंगामी मजुरीऐवजी वर्षभराची नोकरी द्यायची.