बेटावर जाताना किडे कसे न्यावेत

मराठवाड्याला समुद्र नाही, ही सबब आता चालणार नाही. मुलगा अमेरिकेत नोकरीला लागतो, आई-वडील धाराशिवहून सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे जातात आणि परतण्यापूर्वी सगळे कुटुंब हवाई बेटांवर फिरून येते. पाहुण्याने रिकाम्या हाती जाऊ नये, हे तर आपल्याला शिकवावे लागत नाही. त्यातून हवाई म्हणजे जवळच्या खंडापासून सुमारे 3,800 किलोमीटर दूर. माणूस येईपर्यंत तिथे स्वतःची अशी एक मुंगीही नव्हती. एवढ्या दरिद्री ठिकाणी हात आखडता घेणे बरे दिसत नाही.

सुरुवात पाण्यापासून करावी. असे सांगतात की, 1826 साली एका जहाजाच्या खलाशांनी माउई बेटावरच्या ओढ्यात पाण्याची जुनी पिंपे विसळली आणि त्यातल्या अळ्यांमधून हवाईला पहिला डास मिळाला. पुढे डासांनी पक्ष्यांचा हिवताप पसरवला, त्याची कसलीच सवय नसलेले रानपक्षी पटापट मरू लागले आणि 2023 साली अमेरिकी सरकारने तिथले 8 पक्षी नामशेष झाल्याचे जाहीर केले. मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी 2016 साली पुरवून वापरलेल्या लातूरकरांना ड्रमच्या तळाशी वळवळणाऱ्या अळ्यांचे नवल वाटू नये. मात्र हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळणारी आपली आजी त्या जहाजावर असती, तर हे कार्य जागीच बुडाले असते. तेव्हा असल्या जुनाट सवयी घरी ठेवून निघावे.

झाड नेणार असाल तर ते मातीच्या गोळ्यासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावे. मुळाशी मुंग्या असाव्यात आणि पानांच्या मागे खवले कीड. कपाशीवरचा चिकटा ज्याने पाहिला आहे, त्याला यातले मर्म सांगायला नको: कीड गोड चिकटा गाळते, मुंग्या तो खातात आणि बदल्यात किडीची राखण करतात. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंगीला बाहेरून आलेलीच खवले कीड भेटली, 1989 साली तिच्या महावसाहती आढळल्या आणि डोळ्यांत आम्ल फवारून तिने तिथले एक कोटीहून अधिक लाल खेकडे मारले. ती खवले कीड आटोक्यात आणण्यासाठी 2016 साली मलेशियातून इवलीशी गांधीलमाशी आणून सोडावी लागली. पाहुण्याने घातलेला गोंधळ दुसऱ्या पाहुण्याने निस्तरायचा, असा तो खर्चिक पाहुणचार आहे.

बूट धुऊ नयेत. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर 1960च्या दशकात प्रयोगासाठी रोपे लावली, तेव्हा त्यांच्याबरोबर दक्षिण जॉर्जिया बेटावरची एक बिनपंखी चिलटाची जात पोचली. या जातीत नराची गरज पडत नाही, त्यामुळे वंश वाढवायला एकटी मादी पुरते. पंख नसल्याची उणीव संशोधकांचे चिखलाचे बूट भरून काढतात.

एखाद्याला या सगळ्यात अन्याय दिसेल. त्याला विचारावे की, 2018 साली कर्नाटकात दिसलेली अमेरिकन लष्करी अळी पुढे आपल्या मक्यात शिरली, तेव्हा तिने कोणाची परवानगी घेतली होती?

राहिला केसर आंबा. कोयीतल्या भुंग्याचे वैशिष्ट्य असे की, फळ वरून निर्मळ दिसते आणि तो आत निवांत बसलेला असतो. म्हणूनच 2007 पासून अमेरिका भारतीय आंबा विकिरण, म्हणजे किडीचा बंदोबस्त करणारा किरणांचा मारा, केल्याशिवाय घेत नाही. हवाईत हा भुंगा पूर्वीच पोचला आहे, तेव्हा आपला आंबा अजून कोऱ्या असलेल्या बेटासाठी राखून ठेवावा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशाच्या गालापागोस बेटांवर निघताना मुख्य भूमीवरच्या विमानतळावरच सामान तपासतात. तिथे फळे, बिया, माती या तिन्ही प्रश्नांना ठामपणे ‘नाही’ म्हणावे. आंबा साडीच्या घडीत ठेवावा, बेटावर पोचल्यावर सावलीत बसून चोखावा आणि कचरा केल्याचा ठपका नको म्हणून कोय झुडपात जरा आत फेकावी.