जुनी व्हॅन घेताना आधी पत्रा बघा, इंजिन नंतर

जुनी व्हॅन घेऊन ती स्वतःच्या हाताने उभी करायची, असं मनात असलेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच राहतात. मिळेल ती स्वस्त व्हॅन उचला. इंजिन सुरू होत असेल तर अर्धं काम झालंच. गंज घासून रंग मारला की भागतं. घरी आणली की आधी सगळी खोलून टाका. पार्ट काय, कुठूनही मागवता येतात. उरलेलं व्हिडिओ बघून जमतं, आणि तयार झाली की दुप्पट भावाने जाते. पहिल्यांदाच हे काम करणारा माणूस या सल्ल्याने चुकीच्या व्हॅनपाशी पोहोचतो आणि अर्ध्यात थकून ती तशीच सोडून देतो, असं माझं ठाम मत आहे.

इंजिनापासूनच सुरुवात करू, कारण बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी चावी फिरवतो. जुन्या व्हॅनमध्ये इंजिन हा सर्वांत सुटा भाग असतो. ते काढता येतं, दुसरीकडे नेता येतं, अनुभवी मेकॅनिककडून बांधून घेता येतं, नाहीतर त्याच जातीचं दुसरं बसवता येतं. फोक्सवॅगनच्या 1950 पासून बनलेल्या सुरुवातीच्या पिढ्यांतल्या व्हॅनमध्ये मागच्या बाजूला हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन आहे. मोजके बोल्ट, केबल आणि पेट्रोलची नळी सोडवली की ते खाली उतरतं. सुरू होणारं इंजिन चांगलं असेलच असंही नाही. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलं तर दहा मिनिटांच्या आवाजापेक्षा जास्त कळतं. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनची रिंग गेल्याची शंका घ्यावी. विक्रेत्याने तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर ते थंड होऊ द्या आणि मग सुरू करायला सांगा. मला विचाराल तर बंद पडलेलं इंजिन आणि शाबूत बॉडी असलेली व्हॅन ही छान चालणाऱ्या पण सडलेल्या व्हॅनपेक्षा कितीतरी चांगली खरेदी आहे. हा उलटा क्रम पहिल्यांदा पटत नाही, हे मला माहीत आहे.

‘गंज घासून रंग मारला की भागतं’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं, त्यामुळे इथे जरा थांबायला हवं.

बऱ्याच व्हॅनना ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. फरशीचा पत्रा, तिच्याखालचे आडवे आधार, दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्या म्हणजे सिल आणि चाकांच्या कमानी मिळूनच गाडीचा भार उचलतात. हा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. तो मजबूत ठरतो तो दुमडून, पोकळ पेटी करून. सित्रोएनच्या 1947 ते 1981 या काळात बनलेल्या एच व्हॅनच्या अंगावरच्या नालीदार पन्हळीही त्याचसाठी आहेत: पातळ पत्रा, पण घडीमुळे ताठ. आता या पोकळ पेट्यांच्या आत कारखान्यात रंग नीट पोहोचलाच नव्हता. पाणी आणि चिखल आत जातात, खालची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडायला लागतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोपर्यंत आतली भिंत बहुतेक वेळा गेलेली असते. दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला तर तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि जोड फुगवून उघडतो. तिथे वरून घासण्याचा काहीही उपयोग नसतो.

गंज बदलणारी रसायनं, म्हणजे फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असलेली, चांगलं काम करतात, पण पृष्ठभागावरच्या गंजावर. खाली निरोगी लोखंड हवं. भोक पडलेल्या सिलवर ती ओतून काही साधत नाही. पुट्टीचंही तसंच. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते. प्रायमर न लावता गंजक्या पत्र्यावर ती भरली की वरून गुळगुळीत आणि खाली सडणं चालूच. सडलेल्या भागावर नवा पत्रा चिकटवणं हा याहून धोक्याचा प्रकार, कारण त्या थराआड ओल अडकते आणि नवा पत्राही जातो. सडलेलं सगळं, चमकणारं लोखंड दिसेपर्यंत कापून काढायचं आणि तिथे नवा पत्रा वेल्ड करायचा, एवढाच मार्ग आहे.

म्हणून व्हॅन बघायला जाताना जाडेभरडे कपडे घाला, टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर आहे (कॅम्परचं, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या व्हॅनचं, उंच छत मुळातच फायबरचं असू शकतं, त्यावरून घाबरू नका). मालकाची परवानगी घेऊन जॅक लावायच्या जागा, सिलची खालची कड आणि पुढच्या चाकांच्या मागचे कोपरे स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. काचेच्या रबराखाली, छताच्या पन्हळीत, बॅटरीच्या तळाशी, मॅटखाली बघा. कोणीतरी हौसेने कॅम्पर केलेली व्हॅन असेल तर प्लायवूडच्या आड काय आहे ते कळायला हवं. छताला पाडलेल्या खिडक्यांतून गळलेलं पाणी त्या लाकडामागे वर्षानुवर्षं बसून राहतं. खालच्या बाजूला नवाकोरा काळा अंडरकोट, म्हणजे संरक्षक थर, मारलेली व्हॅन मला नेहमी जास्त तपासावीशी वाटते. कुरूप पण उघडा गंज चालेल, निदान तो किती आहे ते दिसतं.

‘घरी आणली की सगळी खोलून टाका.’ हा सल्ला उत्साहाला पोसतो, म्हणून लोकप्रिय आहे. पण सुटे पार्ट डब्यांत गेले की कुठला स्क्रू कुठला, कुठली वायर कशाची, हे काही आठवड्यांत विसरायला होतं. अर्धवट सोडलेल्या व्हॅन विकायला येतात त्यातल्या बऱ्याच अशाच, डब्यांसकट येतात. त्याहून गंभीर गोष्ट बॉडीची आहे. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्या तर गाडी मधोमध वाकते आणि दारांच्या फटी बदलतात. नवा पत्रा त्या वाकलेल्या अवस्थेत वेल्ड झाला की दार पुन्हा नीट बसत नाही. एका वेळी एकच बाजू घ्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाकून ती ताठ करा. दारं बसवलेलीच ठेवा आणि दर टप्प्याला फटी मोजा. गाडी सपाट जमिनीवर, भक्कम स्टँडवर हवी. जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

क्रमही ठरलेला आहे: आधी वेल्डिंग, मग जोडांना फटी बुजवणारा सीलर, मग प्रायमर आणि रंग, आणि सगळ्यात शेवटी पोकळ्यांमध्ये मेण फवारायचं. मेण आधी फवारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेटतं.

पार्ट मिळण्याबद्दल थोडक्यात. ज्या व्हॅन प्रचंड संख्येने बनल्या, त्यांचे पत्रे आणि रबरं आजही नव्याने बनतात. फोक्सवॅगनची कोंबी ब्राझीलमध्ये 2013 पर्यंत तयार होत होती, फोर्ड ट्रान्झिट 1965 पासून आजतागायत त्या नावाने चालू आहे. दुर्मिळ व्हॅन मात्र स्वस्त असते ती बहुधा याच कारणाने, की पुढची काच फुटली तर दुसरी मिळत नाही. व्हॅन घ्यायच्या आधी पुढची काच, सिल आणि ब्रेकचे सिलिंडर मिळतात का, एवढ्या तीन गोष्टी शोधून बघा. तिन्ही मिळत नसतील तर पहिली व्हॅन म्हणून ती घेऊ नका.

त्या सल्ल्यात ब्रेकचा उल्लेखच नाही, आणि मला ते खरोखर खटकतं. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक व्हॅनमध्ये ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतात. रबरी नळ्या बाहेरून बऱ्या दिसल्या तरी आतून फुगून बंद होतात. सगळ्या नळ्या, सिलिंडरची रबरी सील आणि ऑइल नवं घाला, मगच गाडी हलवा. पेट्रोलच्या नळ्याही बदला. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे टिकत नाही, आणि त्या फोक्सवॅगन इंजिनांपैकी अनेकांचा केस, म्हणजे बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो एकदा पेटला की विझवणं फार अवघड. टायरवर 2000 पासून चार आकड्यांची तारीख असते: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर काढून टाका. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो घासायचा तर पाणी लावून, मास्क घालून.

दुप्पट भावाबद्दल एवढंच सांगतो: वेल्डिंग आणि रंग दुसऱ्याकडून करून घ्यावे लागले, तर बहुतेक व्हॅनवर होणारा खर्च तिच्या किमतीच्या पुढे जातो. नफ्यासाठी हे करू नका. आवडते म्हणून करा, ते पुरेसं कारण आहे.

व्हिडिओ बघून जमतं हा मुद्दा मात्र मी बराचसा मान्य करतो. या व्हॅन शिकायला उदार आहेत. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, व्हॉल्व्हचं अंतर, ब्रेक-शू हे सगळं साध्या हत्यारांनी आणि त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलच्या आधाराने घरी करता येतं. अडतं ते वेल्डिंगपाशी. पातळ पत्र्याला सलग शिवण घातली की तो तापून वेडावाकडा होतो; थोडे थोडे टाके, दूर दूर, मधे गार होऊ देत घालावे लागतात, आणि हे बघून नाही, हाताला येतं. त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यांवर सराव करा. दोन तुकडे जोडा, पक्कडीत धरून वाकवा. जोड सुटला तर सराव चालू ठेवा. पत्रा फाटला पण जोड टिकला, की बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, अग्निशामक हाताशी घ्या आणि सगळ्यात कमी भार असलेल्या जागेपासून सुरुवात करा. सिल आणि खालचे आधार मात्र पहिल्या व्हॅनवर तरी अनुभवी वेल्डरकडून करून घ्या, आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहा.