फ्यूज बदलून तंबोरा उलगडत नाही

‘ॲम्प्लिफायरमधला पाच-दहा रुपयांचा काचेचा फ्यूज काढा, सोन्याचा मुलामा असलेला हजारो रुपयांचा बसवा, आवाज मोकळा होतो, मागचा तंबोरासुद्धा उलगडतो.’ हा दावा सध्या सांगली-मिरजेतल्या हौशी मंडळींत फिरतोय. ज्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या नावावर हे खपवलं जातं, याचा मला राग येतो.

म्हणे सगळी वीज फ्यूजमधल्या त्या केसाएवढ्या तारेतून जाते आणि तिथेच अडते. हिशोब करू. दोन अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ओहमचा दहावा भाग, बहुधा त्याहूनही कमी. घरातला सेट सरासरी अर्धा अँपिअर ओढतो. म्हणजे 230 व्होल्टपैकी फार तर 0.05 व्होल्ट तिथे पडतात. शेजाऱ्याने पाण्याची मोटर लावली की याच्या कित्येक पट दाब हलतो, तरी गाणं तसंच चालू राहतं. कारण फ्यूजच्या पुढे ट्रान्सफॉर्मर, वीज एकाच दिशेची करणारा रेक्टिफायर आणि ती साठवणारे मोठे कपॅसिटर आहेत. स्पीकरला वीज मिळते ती कपॅसिटरमधल्या साठ्यातून.

वीज कुठल्या दिशेने जावी हे दाखवायला महागड्या फ्यूजवर छापलेल्या बाणाचं तर बोलूच नये. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते.

‘पण आम्हाला फरक ऐकू आला.’ ही माणसं खोटं बोलत नाहीत. जुन्या होल्डरच्या क्लिपा काळ्या पडून खरखर येत असेल, तर फ्यूज काढून घालताना त्या घासल्या जातात आणि खरखर थांबते. साध्या फ्यूजनेही थांबली असती. शिवाय आवाज किंचित मोठा लागला तरी कानाला तो जास्त चांगला वाटतो. म्हणून आवाजाची पातळी मोजून सारखी ठेवा, फ्यूज दुसऱ्याला बदलू द्या, कोणता लावलाय ते विचारू नका आणि दहा वेळा ओळखून दाखवा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, लावताना घोडीवरचा दोरा जरासा सरकला तरी पोरालाही कळतं, कारण तो थेट तारेला भिडलेला असतो.

एक गोष्ट मान्य करतो. काही ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्याच ओळीत फ्यूज असतो. जोरदार खर्जाने तो तापतो, त्याचा रोध बदलतो आणि आवाजातली विकृती मोजता येते. फिरणारा दावा मात्र मेनच्या, म्हणजे भिंतीतून ॲम्प्लिफायरमध्ये येणाऱ्या विजेच्या वाटेवरच्या फ्यूजबद्दल आहे.

‘मोठ्या अँपिअरचा टाका, दम वाढतो’ ही पुस्ती मला सगळ्यात घातक वाटते. बिघाड झाला तर फ्यूज उडायच्या आधी ट्रान्सफॉर्मर जळेल. होल्डरशेजारी जे अँपिअर आणि जो प्रकार छापलाय, तोच घाला. जुना सेट घुमत असेल तर ते पैसे ते मोठे (फिल्टर) कपॅसिटर तपासण्यावर खर्च करा.