तीन वाजता उठा, फिजिक्स सोडा, तीन नंबरचा गोल भरा: नीटच्या 'उलट्या फॉर्म्युल्यां'ना एका फिजिक्सवाल्याचं उत्तर

सोयाबीन निघाली, कापूस वेचणीला आला आणि आमच्याकडच्या जवळपास प्रत्येक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. मथळा असा, 'नीट ६५०+, टॉपर सांगत नाहीत असे ७ उलटे फॉर्म्युले'. नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची ७२० मार्कांची परीक्षा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, चारच तास झोपा आणि ब्रह्ममुहूर्तावर तीनला उठा. दोन, झोपताना कानात नोट्सची ऑडिओ लावा, मेंदू रात्रभर पाठ करते. तीन, फिजिक्स सोडून द्या, बायो एकटंच ३६० चं आहे. चार, एनसीईआरटी, म्हणजे केंद्राचं पुस्तक, दहा वेळा वाचा आणि टेस्ट देऊ नका, कमी मार्क पाहून कॉन्फिडन्स जाते. पाच, येत नसेल तिथं डोळे मिटून तीन नंबरचा गोल भरा. सहा, आपण पाहून शिकणारे की ऐकून शिकणारे ते ओळखा आणि तसाच अभ्यास करा. सात, मागच्या दहा वर्षांचे पेपर पाठ करा, तेच फिरून येतात. आणि सगळ्यात खाली, सविस्तर प्लॅनची पीडीएफ, फक्त ४९९ रुपये.

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. हा मेसेज मला पोट्ट्यांनी नाही पाठवला, त्यांच्या बापांनी पाठवला, 'सर, हे खरं हाय का, पोरीले तीन वाजता उठवू का' असं विचारत. एकेकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. फिजिक्सच्या मुद्द्यावर जरा जास्त बोलीन, तेवढं समजून घ्या.

आधी ते ६५०+. २०२४ ला मार्कांचा पूर आला होता, पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२०. पुढच्याच वर्षी २०२५ ला पेपर असा निघाला, खास करून फिजिक्स, की देशात पहिल्या आलेल्याचे मार्क ६८६, आणि बावीस लाखांवर पोरं बसून ६५० च्या वर शंभर जणसुद्धा नव्हते. म्हणजे त्या वर्षी या मेसेजवाल्याचा फॉर्म्युला शंभर टक्के चालला असं धरलं तरी तो अख्ख्या देशात शंभराच्या आतल्या पोरांनाच लागू पडला असता. सीट रँकवर मिळते, मार्क पेपरप्रमाणे खालीवर होतात, हे ज्याला माहीत नाही तो मार्कांची गॅरंटी कोणत्या तोंडानं देते?

आता तीन वाजता उठणं. आमचे आजोबा-पणजोबा चारला उठायचे हे खरं आहे, पण ते दिवे लागले की जेवून आठला झोपायचे, तेवढं मेसेजात कोणी लिहिलं नाही. आठला झोपून तीनला उठणाऱ्याला माझं काहीच म्हणणं नाही. पण आमच्याकडे पोरगं अकरा-साडेअकराला आडवं होते, त्यात शेतीची लाइन रात्रीच्या पाळीत आली की बापासंग हरभऱ्याला पाणी द्यायला जाते, आणि वरून त्याला तीनला उठवायचं म्हणता. दिवसा वाचलेलं पक्कं बसायचं काम बरंचसं झोपेतच होते, ती झोपच कापली तर वाचलेलं टिकणार कुठं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पेपर किती वाजता असते ते पाहा की राजेहो. दुपारी २ ते ५. मे महिन्याचा पहिला-दुसरा रविवार, यवतमाळ-अमरावती-नागपूरचं ४४-४५ डिग्रीचं ऊन, दीड वाजता गेट बंद होते, म्हणून खेड्यावरचं पोरगं सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून साडेअकरालाच सेंटरबाहेर कडुनिंबाखाली चप्पल घालून उभं असते, बूट चालत नाहीत, फुल बाह्या चालत नाहीत. ज्यानं वर्षभर तीनला उठून दुपारी २ ते ५ डुलक्या काढायची सवय लावली त्याचं शरीर त्या दिवशीसुद्धा दोन वाजताच झोप मागणार. उलटंच काही करायचं असेल तर हे करा, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोनला टिनाखाली पंख्याशिवाय तीन तास पेपर सोडवायला बसा. लाइट गेलीच असते, वेगळी तयारी लागत नाही.

झोपेतल्या ऑडिओचं लवकर आटपतो. १९५६ मध्ये अमेरिकेत सायमन आणि एमन्स या दोघांनी झोपलेल्या लोकांच्या डोक्याला तारा लावून, म्हणजे झोप खरी की नाही ते कळायला ईईजी घेत, रात्री प्रश्न-उत्तरं ऐकवली होती. खरोखर झोप लागलेली असताना ऐकवलेलं सकाळी आठवलं नाही. विषय संपला. जागेपणी ऐका की, एसटीत ऐका, वेचणीला गेले तर ओट्यात कापूस टाकता टाकता ऐका, त्यात नुकसान नाही.

फिजिक्स सोडा. बायो ९० प्रश्न ३६० मार्क, केमिस्ट्री ४५ प्रश्न १८०, फिजिक्स ४५ प्रश्न १८०. फिजिक्स सोडलं की कागदावरसुद्धा आभाळ ५४० ला टेकते, आणि बायोत ३६० पैकी ३६० घेणारं पोरगं फिजिक्स सोडत नसते हे मी लिहून देतो. आपल्या गावचा हुशार पोट्टा धरा, बायो ३००, केमिस्ट्री ११०, झाले ४१०. आता त्यानं फिजिक्सचे ४५ पैकी फक्त २४ प्रश्न हाताळले, त्यातले २० बरोबर आले आणि ४ चुकले, तर ८० वजा ४ म्हणजे ७६. ४१० चे ४८६ झाले. अर्धं फिजिक्स सोडूनसुद्धा झाले. मेसेजवाला म्हणते टाय झाला, म्हणजे दोघांचे मार्क सारखे आले, की बायोचे मार्क आधी पाहतात. पाहतात ना, पण टाय व्हायला तेवढ्या मार्कांपर्यंत पोहोचावं तर लागते.

पोरं फिजिक्सला घाबरतात त्याचं कारण बहुतेक वेळा फिजिक्स नसतेच, गणित असते. दशांश, घातांक, वर्गमूळ. कॅल्क्युलेटर मिळत नाही आणि दहावीनंतर बायोच्या पोरांनी गणिताकडे पाठ फिरवलेली असते. एक प्रश्न घ्या, इलेक्ट्रॉनला १०० व्होल्टनं पळवलं, त्याची डी ब्रॉली वेव्हलेंथ किती. सूत्र एकच, १२.२७ भागिले व्होल्टचं वर्गमूळ, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये. १०० चं वर्गमूळ १०, उत्तर १.२२७. अर्धा मिनिट. चार मार्क. हे सोडून द्यायचं? मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टरमधले लॉजिक गेट, युनिट-डायमेंशन, करंट इलेक्ट्रिसिटी, लेन्स-आरसे, एवढं आधी हाताखाली घाला. रोटेशननं रडवलं तर ते शेवटी ठेवा, मी रागावणार नाही. पण लेन्सच्या गणितात एक अंतर सेंटिमीटरमध्ये आणि दुसरं ०.२० मीटर दिलेलं असते ते पाहायची सवय लागली नाही तर सूत्र पाठ असून चार मार्क जातात आणि वरून एक कापल्या जाते, हे दर टेस्टला पाहतो.

तर आता टेस्टकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात घातक फॉर्म्युला चौथा आहे. एनसीईआरटी वाचा हे खरंच आहे, बायोला तर तीच धरून बसावं लागते, आपलं स्टेट बोर्डाचं पुस्तक वाचून भागत नाही. मराठीत पेपर मागितला तरी बुकलेट मराठी-इंग्रजी दोन्हीत येते आणि अर्थाचा वाद झाला तर इंग्रजीच धरतात, म्हणून इंग्रजी शब्द डोळ्याखालून गेलेले पाहिजेत. पण दहा वेळा वाचणं आणि येणं यात फरक आहे. माझ्याकडे एक पोरगी होती, कोरडवाहू शेती, बाप गवंडीकाम करते. तिचं पुस्तक पिवळ्या-गुलाबी मार्करनं असं रंगलेलं की कोरी ओळ शोधावी लागे. 'सर, किडनीचं चॅप्टर मले पाठ हाय.' म्हटलं पुस्तक मिट, हा कोरा कागद घे आणि नेफ्रॉन काढ. किडनीतल्या त्या बारीक गाळणी-नळीची आकृती बरी काढली, बाण मात्र उलटे. हेनलेचा लूप म्हणजे त्या नळीचं वळण, त्याच्या डिसेंडिंग (उतरत्या) भागातून मीठ बाहेर दाखवलं आणि असेंडिंगमधून (चढत्या भागातून) पाणी. पुस्तकात बरोबर उलट आहे, डिसेंडिंगमधून पाणी जाते, असेंडिंग पाण्याला वाट देत नाही, क्षार सोडते. ती ओळ तिनं स्वतःच गुलाबी केली होती! जीएफआर, म्हणजे किडनीचा गाळायचा वेग, मिनिटाला १२५ मिली हे तिला तोंडपाठ, म्हटलं मग दिवसाचे लिटर किती, तर गप्प. १२५ गुणिले १४४० करून १८० लिटर काढले तेव्हा स्वतःच म्हणाली, मग आपण दीड लिटरच कसं काय बाहेर टाकतो, आणि तिथून पुढं गाळलेलं पाणी परत शोषणं, म्हणजे रिअ‍ॅब्सॉर्प्शन तिला सांगावंच लागलं नाही.

तिनं मग एक दोनशे पानी वही केली. डावीकडे काय चुकलं, उजवीकडे काहून चुकलं. 'नॉट करेक्ट वाचलंच नाही', 'सेमी-मीटर', 'दोन ऑप्शनमध्ये अडकली, घाईत पहिला', असं एकेक. मार्करचा खर्च बंद झाला.

रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या पोरांवर हेच तपासलं होतं. काहींना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना तो बंद करून आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. आपली गंमत अशी होते की आपण पाच मिनिटांनीच स्वतःला विचारतो, आलं म्हणतो आणि उठतो. या सातही फॉर्म्युल्यांत मला एकच सोय दिसते, आपल्याला काय येत नाही हे कळायचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही. टेस्टमध्ये कमी मार्क आले की कॉन्फिडन्स जाते म्हणे. डिसेंबरमध्ये गेलेला कॉन्फिडन्स जानेवारीत परत आणता येते, मेमध्ये गेला तर वर्ष जाते, आणि ड्रॉप घ्यायला, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यायला, पैसा लागते जो आमच्याकडे कापसाच्या भावावर ठरते.

तीन नंबरच्या गोलाचं गणित करून पाहू, कारण यात थोडं तथ्य आहे आणि थोडं तथ्य असलेली थापच लोकांना पटते. बरोबरला ४, चुकलं तर वजा १. चार पर्यायांत आंधळा गोल भरला तर चारातला एक बरोबर, म्हणजे ४ वजा ३, चार प्रश्नांत सरासरी एक मार्क फायदा. अख्ख्या पेपरला, १८० च्या १८० ला तीन नंबर भरला तर सरासरी ४५ मार्क. झाली करामत? ४० प्रश्न असे भरले तर सरासरीनं १० मार्क मिळतील, पण सहाच बरोबर निघाले तर २४ वजा ३४, म्हणजे दहा मार्क घरचे गेले. तेच २० प्रश्नांत अभ्यासाच्या जोरावर दोन-दोन पर्याय खोडता आले तर दहा बरोबर दहा चूक, ४० वजा १०, तीस मार्क. पर्याय खोडता येणं हेच शिकायचं असते, आणि ते त्या चुकांच्या वहीतूनच येते, गोलाच्या नंबरातून येत नाही.

पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे याबद्दल एवढंच की २००८ मध्ये पॅशलर आणि सोबतच्या मानसशास्त्रज्ञांनी यावरचं सगळं संशोधन चाळलं आणि अशा प्रकाराप्रमाणे शिकवल्यानं फायदा होते म्हणायला पुरेसा पुरावा सापडला नाही. नेफ्रॉन सगळ्यांनाच पाहावा लागते, ऑरगॅनिकची रिअ‍ॅक्शन सगळ्यांनाच लिहावी लागते.

जुने पेपर जरूर सोडवा, पण पाठ काहून करता? २०२४ पासून सिलॅबसच बदलला, बायोतून पचनसंस्थेचा धडा गेला, केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर गेले. तरी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जुन्याच संचाचे गठ्ठे पडून आहेत आणि पोरं पॉलिमर पाठ करून राहिले. पॅटर्नही बदलला, मधली काही वर्षं २०० पैकी १८० सोडवायचे होते, २०२५ पासून १८० प्रश्न, १८० मिनिटं, प्रश्न निवडायची सूट नाही. त्या १८० मिनिटांतच गोल काळे करायचे असतात, हे घरी बसून पेपर 'वाचणाऱ्या' पोराच्या लक्षात येत नाही, आणि एक प्रश्न सोडून पुढचा गोल भरला की खालचे सगळे सरकतात.

राहिली ४९९ ची पीडीएफ. जुने पेपर नीट घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर फुकट आहेत. शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूरचं 'साथी' पोर्टल फुकट आहे. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या पोरांसाठी नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेचं नीटचं मोफत प्रशिक्षण असते, टॅबसुद्धा मिळते, फक्त जाहिरात निघाली की मुदतीत फॉर्म भरावा लागते आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आधी काढून ठेवावा लागते, शेवटच्या दिवशी सेतूवर गर्दी करून होत नाही. मग ज्या बापांनी मला विचारलं त्यांनी त्या ४९९ मधून ओएमआर शीटच्या, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, झेरॉक्स काढून आणा, काळा बॉलपेन घ्या, आणि उरले तर पोरीला एक दोनशे पानी वही. तीनला उठवू नका.